थ्री नॉट थ्रीच्या नळीचे माप आणि तिला बसणारी गोळी

ली-एनफिल्ड रायफलीच्या नावातला .३०३ हा आकडा गोळीचा व्यास नाही. नळीच्या आत पीळ देऊन चर कापलेले असतात आणि दोन चरांच्या मधला भाग उंच राहतो. त्या उंच भागांना या लेखात कंगोरे म्हटले आहे. सगळ्या कंगोऱ्यांच्या माथ्यांना टेकणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे .३०३ इंच, अर्थात सुमारे ७.७० मिमी. चर त्याहून खोल असतात, प्रत्येक बाजूला साधारण पाच ते साडेसहा थाऊ. इंचाच्या हजाराव्या भागाला आपल्या कारखान्यांत थाऊ म्हणतात आणि पुढे सगळीकडे तोच शब्द वापरला आहे, कारण या कामात मिलिमीटरचा हिशेब फार दशांश खातो. चरांच्या तळाशी धरलेला व्यास त्यामुळे .३१३ पासून .३१६ इंचापर्यंत कुठेही भरू शकतो, आणि गोळी निवडताना कामाचा आकडा हाच आहे.

ब्रिटिश लष्कराची मार्क ७ गोळी १७४ ग्रेन (सुमारे ११.३ ग्रॅम) वजनाची, .३११ इंच व्यासाची होती. ती चरांच्या व्यासापेक्षा बारीक असूनही चालत असे, कारण तिचा तळ सपाट होता, तळाशी शिसे उघडे होते आणि दारूच्या दाबाने तो तळ फुगून चर भरत असे. आज दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांना नावेच्या आकाराचा निमुळता तळ असतो आणि तो असा फुगत नाही. मग गोळीच्या कडेने वायू पुढे निसटतो, गोळी नळीत किंचित डगमगत जाते आणि कागदावर छिद्रांचा घोळका होण्याऐवजी विखुरलेली छिद्रे दिसतात. फारच बारीक गोळी असली तर छिद्र गोल न राहता लांबट होते, म्हणजे गोळी आडवी होऊन लक्ष्यावर पोचलेली असते.

याच जागी एक चूक वारंवार होते. अमेरिकी .३०८ गोळ्या स्वस्त आणि मुबलक मिळतात, .३०८ हा आकडा .३०३ पेक्षा मोठा दिसतो, म्हणून त्या चालतील असे वाटते. पण .३०८ हा गोळीचा, म्हणजे चरांचा व्यास आहे आणि .३०३ हा कंगोऱ्यांचा. दोन वेगळ्या गोष्टींची तुलना झाल्यामुळे ती गोळी निदान पाच थाऊंनी बारीक पडते. रशियन मोसिन-नागांतच्या बाबतीतही हाच घोटाळा होतो: तिचे ७.६२ मिमी कंगोऱ्यांवरचे असून तिला .३१० ते .३११ची गोळी लागते.

उलट बाजूची चूक मात्र जिवावर बेतू शकते. १८८८ च्या जर्मन कमिशन रायफलीची नळी .३१८च्या गोळीसाठी होती. १९०५ च्या सुमारास जर्मनीने त्याच नावाच्या काडतुसात .३२३ची गोळी आणली. जुन्या नळ्यांपैकी काही सुधारून घेतल्या गेल्या व त्यांवर एस अक्षर ठोकले गेले, पण न सुधारलेल्या नळीत नवे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या जागेत, बसू शकते आणि दाब धोक्याच्या पातळीपर्यंत वाढतो. धातूच्या कवचाची गोळी चरांच्या व्यासापेक्षा एका थाऊहून अधिक मोठी वापरू नये, हा नियम म्हणूनच अपवादाशिवाय पाळावा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. भारतात .३०३ हा निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या मापांत, मोडतो आणि काडतुसे तयार करणे हे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय करता येत नाही. पुढची माहिती अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन अशा ठिकाणी राहणाऱ्या आणि तिथल्या कायद्याप्रमाणे रायफल व काडतूस भरण्याची साधने बाळगणाऱ्या वाचकांसाठी आहे. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती जुन्या साठ्यातले केएफ छापाचे काडतूस आले, तर ते आपल्या खडकीच्या कारखान्यातले आहे हे लक्षात येईल. ते संग्रहात ठेवण्याजोगे आहे. झाडायचे ठरवलेच, तर त्याच्या प्राइमरमधला, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टिकलीतला, क्षार नळी गंजवतो, म्हणून त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे.

नळ्यांत इतका फरक का पडतो, हे थोडक्यात सांगतो. ली-एनफिल्डच्या आधीच्या ली-मेटफर्ड रायफलींचे चर सात, उथळ आणि गोलसर होते. ते काळ्या दारूसाठी आखलेले होते. कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आल्यावर तिच्या तीव्र उष्णतेने ते लवकर झिजू लागले, म्हणून १८९५ पासून एनफिल्ड पद्धतीचे पाच खोल चर आले, ज्यांचा पीळ डावीकडे असून दहा इंचांत एक फेरा पूर्ण होतो. त्यानंतर एनफिल्ड, बर्मिंगहॅम, लिथगो, ईशापूर, लाँग ब्रांच अशा अनेक ठिकाणी दोन महायुद्धांच्या घाईत लाखो नळ्या तयार झाल्या. दुसऱ्या महायुद्धात तर काही नंबर ४ रायफलींना दोनच चर कापले गेले. त्यावर झिजेची भर पडली. चेंबरपुढचा भाग कॉर्डाइटने खाल्ला आणि नळीचे तोंड साफसफाईच्या दोरीने. ही दोरी नळीतून तिरकी ओढली गेली की तोंडाशी एका बाजूला घासून खाच पाडते. एकाच वर्षी एकाच कारखान्यात झालेल्या दोन रायफली आज वेगवेगळ्या व्यासाच्या असतात, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन काम भागत नाही.

माप घेण्याची तयारी

रायफल रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने करावी, मॅगझिन काढावे आणि बोल्ट बाहेर काढून बाजूला ठेवावा. बोल्ट त्या रायफलीला जुळवलेला असतो, म्हणून दोन रायफलींवर एकाच वेळी काम करत असल्यास बोल्टांची अदलाबदल होऊ देऊ नये. काडतुसे त्या खोलीतही नसावीत.

नळी खरोखर स्वच्छ झाल्याशिवाय माप घेण्यात अर्थ नाही. काजळी लवकर निघते, पण गोळ्यांच्या कवचाचे तांबे चरांच्या तळाशी थरावर थर बसलेले असते आणि ते मापातून एखादा थाऊ सहज चोरते. तांबे विरघळवणारे द्रावण लावलेली चिंधी निळी-हिरवी निघायची थांबेपर्यंत हे काम चालू ठेवावे. जुन्या लष्करी रायफलीला यासाठी काही संध्याकाळी द्याव्या लागल्या तर आश्चर्य मानू नये. शेवटी नळीला आतून तेलाचा पातळ हात फिरवावा.

आता शिशाची गुल्ली, म्हणजे नळीतून ढकलून चरांचा ठसा घ्यायचा तुकडा. ती शुद्ध, मऊ शिशाचीच हवी. मासेमारीच्या गळाला लावतात ते अंडाकृती शिसे किंवा जुन्या तोड्याच्या बंदुकीची गोल गोळी यासाठी उत्तम. चाकांच्या वजनांचे कठीण शिसे घेतले तर ते नळीतून बाहेर पडताच किंचित पसरते आणि माप खोटे येते. गुल्ली चरांच्या व्यासापेक्षा थोडी मोठी, .३२० ते .३३० इंचाच्या दरम्यान असावी. लहान असेल तर ऐरणीवर उभी ठेवून हलकेच ठोकली की फुगते.

ढकलण्यासाठी पितळेची सळई सर्वांत चांगली. अनेक जण लाकडी दांडी वापरतात. ती लांब असली तर ठोकताना तिरकी चिरते, चिरलेले दोन तुकडे एकमेकांवर सरकून नळीत पाचरीसारखे रुतून बसतात आणि मग बंदूक-कारागिराकडे जाण्यावाचून उपाय उरत नाही. लाकूडच वापरायचे तर आखूड तुकडे करून एकामागून एक घालावेत.

गुल्ली नळीतून नेताना

गुल्लीला तेल लावून ती नळीच्या तोंडावर ठेवावी आणि लाकडी हातोडीने सरळ आत ठोकावी. कडेने शिशाची पातळ कातरलेली चकती निघाली, तर गुल्लीने चर भरले आहेत असे समजावे. चकती निघाली नाही, तर गुल्ली लहान आहे. पुढे सळईने हलके, सारखे ठोके देत ती चेंबरकडे न्यावी आणि या वेळी हाताला काय जाणवते याकडे पूर्ण लक्ष द्यावे. पहिल्या दोन-तीन इंचांत जोर लागून पुढे गुल्ली बोटाच्या दाबानेही सरकू लागली, तर नळी आतल्या बाजूला रुंद आहे. मध्येच एका जागी ती अचानक सैल पडून पुन्हा आवळली, तर त्या जागी नळीला कडे पडले असण्याची शक्यता आहे. आत काही अडकलेले असताना गोळी झाडली गेली की असा फुगवटा येतो. बाहेरून नळीवर बोट फिरवल्यास तो कधी कधी लागतो. अशी नळी आधी जाणकाराला दाखवावी, गोळीचा विचार नंतर.

पूर्ण नळीतून गेलेली गुल्ली वाटेतल्या सर्वांत अरुंद जागेचे माप घेऊन बाहेर पडते, हे बरेच जण विसरतात. तोंडाशी नळी .३१६ आणि मध्यभागी .३१४ असेल, तर बाहेर आलेली गुल्ली .३१४च सांगेल. म्हणून आणखी दोन गुल्ल्या घ्याव्यात. एक तोंडाकडून दोन इंच आत नेऊन चेंबरच्या बाजूने सळई घालून परत बाहेर काढावी. दुसरी चेंबरच्या बाजूने चरांच्या सुरुवातीला बसवून तोंडाकडून मागे ठोकावी. तिन्ही गुल्ल्या वेगवेगळ्या डब्यांत, चिठ्ठी लावून ठेवाव्यात. चांगल्या नळीत तोंडाचे माप मागच्यापेक्षा मोठे नसते. असल्यास नळीचे तोंड झिजलेले आहे आणि केवळ गोळी बदलून पूर्ण सुधारणा होणार नाही.

पाच चरांची अडचण

चार किंवा दोन चरांच्या नळीत चरासमोर चर येतो आणि मायक्रोमीटर लावला की आकडा मिळतो. एनफिल्डच्या पाच चरांत प्रत्येक चरासमोर कंगोरा येतो. गुल्लीवर हे उलटे उमटते: चराच्या जागी उंच पट्टी, कंगोऱ्याच्या जागी खाच. समजा चरांचा व्यास .३१४ आणि कंगोऱ्यांचा .३०३ आहे. मायक्रोमीटरच्या एका जबड्याखाली पट्टीचा मध्य आणि दुसऱ्याखाली खाचेचा मध्य आला, तर दोन्हींची सरासरी, म्हणजे .३०८५, वाचायला मिळते. हा आकडा पाहून .३०८ची गोळी आणणारे लोक आहेत. गुल्ली जबड्यांत हळूहळू फिरवली की वाचन वाढत जाते, पण पट्ट्यांच्या कडा थोड्या गोलसर उमटतात, त्यामुळे सर्वांत मोठे वाचनही खऱ्या व्यासाच्या किंचित अलीकडेच थांबते.

यावर तीन उपाय आहेत. पाच दातांची हत्यारे मोजण्यासाठी व्ही आकाराच्या जबड्याचा, १०८ अंशांचा मायक्रोमीटर मिळतो. तो अचूक असतो पण महाग असतो, आणि एका रायफलीसाठी तो विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या टूलरूममध्ये जाऊन माप करून घेणे शहाणपणाचे. दुसरा उपाय असा की एक थाऊ जाडीच्या पितळी पत्र्याची पट्टी गुल्लीभोवती घट्ट, एकच वेढा बसेल अशी गुंडाळावी, मोजावे आणि वाचनातून दोन थाऊ वजा करावेत. पत्रा खाचांवरून कमान करून जातो आणि बऱ्यापैकी खरा व्यास देतो. तिसरा उपाय माझ्या मते सर्वांत भरवशाचा. शिशाच्या गोळ्या ठरावीक व्यासाला आणणारे साचे, ज्यांना सायझिंग डाय म्हणतात, ते एकेका थाऊच्या अंतराने मिळतात. गुल्ली .३१६च्या डायमधून काहीही न घासता गेली, .३१५मध्येही तशीच गेली आणि .३१४मध्ये मात्र पट्ट्यांवर चमकदार ओरखडा उठला, तर चरांचा व्यास .३१४ आणि .३१५च्या मधला आहे. पुढे ओतीव गोळ्या वापरणार असाल तर हे डाय लागणारच आहेत. एवढे करून व्हर्नियरने मोजू मात्र नये. दोन थाऊची चूक हे त्याच्याकडून नेहमीचेच आणि इथे सगळा खेळच दोन थाऊंचा आहे.

चेंबरकडची बाजू

चेंबर आणि चरांच्या मधला गुळगुळीत घसा किती रुंद आहे, हे ओतीव गोळ्यांच्या बाबतीत चरांइतकेच महत्त्वाचे ठरते. त्यासाठी सेरोसेफ नावाचा, बिस्मथ मुख्य असलेला मिश्रधातू वापरतात. तो सुमारे ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवूनही वितळवता येतो. नळीत चेंबरच्या थोडे पुढे चिंधीचा बोळा बसवून तो ओतावा. थिजताना तो आधी आक्रसतो, तेव्हा काढून घ्यावा, आणि साधारण तासाभराने तो चेंबरच्या मापाला येतो, तेव्हा मोजावा. त्यात शिसे आणि कॅडमियम असते, त्यामुळे स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत.

कोणती गोळी घ्यावी

कवचाच्या गोळ्यांत .३०३साठी बाजारात .३११ आणि .३१२ हे दोनच व्यास सहज मिळतात. चर .३१३च्या आसपास असतील तर .३१२ची गोळी बहुधा समाधानकारक चालते. त्याहून रुंद नळीत निमुळत्या तळाच्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत. सपाट तळाची, जड, १७४ ते १८० ग्रेनची गोळी घ्यावी, कारण तिचा नळीला टेकणारा भाग लांब असतो आणि तळ थोडा तरी फुगतो. निमुळत्या तळाची मार्क ८ गोळी मुळात व्हिकर्स मशीनगनसाठी होती, ही गोष्टही इथे लक्षात घ्यावी.

नळी .३१५ किंवा त्याहून रुंद असेल तर ओतीव शिशाची गोळी हाच खरा मार्ग. तिचा व्यास चरांपेक्षा एक ते दोन थाऊंनी मोठा असावा, म्हणजे .३१४च्या नळीला .३१५ ते .३१६. कवचाच्या गोळीला जे वर्ज्य आहे ते इथे चालते, कारण शिसे मऊ असल्यामुळे चरांत सहज दाबले जाते. साच्याचा छापील आकडा विशिष्ट मिश्रधातूसाठी असतो. अँटिमनी जास्त असलेल्या मिश्रणाची गोळी त्याच साच्यातून किंचित मोठी पडते, शुद्ध शिशाची किंचित लहान. साच्यातून पडलेली गोळी एखाद्या थाऊने कमी भरली, तर साच्याच्या दोन पाळ्यांच्या मध्ये ॲल्युमिनियमची पातळ चिकटपट्टी लावून व्यास वाढवता येतो, किंवा गोळीवर पावडर कोटिंग भाजले की एक-दोन थाऊ मिळतात. गोळीभोवती कागद गुंडाळून तिला जाड करण्याची पद्धत याहून जुनी आहे. मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश रायफलीच्या गोळ्यांना असा कागद असे. रायफलीच्या वेगाला तळाशी तांब्याची टोपी बसवणे इष्ट, नाहीतर तळ वितळून नळीत शिसे चढते. वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंबही येऊ देऊ नये, काम उघड्या हवेत करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

एवढी मेहनत काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या तोंडाशी वाया जाते, असे पुष्कळदा दिसते. पुंगळीला पुन्हा आकार देणाऱ्या .३०३च्या डायमधला तोंड रुंद करणारा दांडा .३११च्या गोळीसाठी बनवलेला असतो. त्याने तयार केलेल्या तोंडात .३१५ची मऊ गोळी दाबली की पितळ तिला आवळते आणि ती .३१२ होऊन नळीत जाते, मालक मात्र .३१५ झाडतो आहे अशा समजात राहतो. तपासणी सोपी आहे. प्राइमर आणि दारूशिवाय एक नमुना भरावा, ठोकून गोळी काढणाऱ्या हातोडीने ती परत काढावी आणि मोजावी. ती एका थाऊपेक्षा जास्त आवळली गेली असेल तर .३१३ किंवा .३१४चा मोठा दांडा बसवून घ्यावा.

दुसरी तपासणी सुरक्षिततेची आहे आणि ती टाळू नये. आपल्या रायफलीतून झाडलेली, डायमधून न काढलेली पुंगळी घ्यावी आणि निवडलेली गोळी तिच्या तोंडात बोटाने सोडावी. गोळी आपल्या वजनाने उतरली तर चेंबरमध्ये तोंडाला फाकायला जागा आहे. अडकली तर भरलेले काडतूस चेंबरमध्ये गोळी घट्ट धरून ठेवील आणि दाब एकदम चढेल. अशा वेळी गोळीचा व्यास कमी करावा, जोर लावून बोल्ट बंद करू नये. लष्करी .३०३ चेंबर सहसा सैल असतात, पण नंतर बसवलेल्या स्पोर्टिंग नळ्यांचे तसे नसते. दारूचे प्रमाण नेहमी त्या प्रकारच्या आणि वजनाच्या गोळीसाठी छापलेल्या तक्त्यातील किमान आकड्यापासून सुरू करावे. गोळीचा व्यास बदलला की पुन्हा तिथूनच.

चाचणी

एका वेळी केवळ व्यास बदलावा. पुंगळी, दारू, प्राइमर, गोळीचे वजन तेच ठेवावे. पाच गोळ्यांचा एक घोळका योगायोगानेही लहान येऊ शकतो, म्हणून प्रत्येक व्यासाला दहा गोळ्या देणे बरे. पन्नास यार्डांवर सुरुवात करावी, कारण नळीच्या टोकावरच्या साध्या माशीवर नेम धरणाऱ्याच्या डोळ्याची चूक तिथे कमी पडते. दोन व्यासांच्या मध्ये नळी साफ करून दोन-तीन गोळ्या मातीच्या बांधावर झाडाव्यात आणि मगच कागदावर मोजणी सुरू करावी. छिद्रे गोल आहेत का, नळीत शिशाचे करडे पट्टे दिसतात का, हे प्रत्येक वेळी पाहावे. पट्टे चेंबरच्या बाजूला असतील तर गोळी बहुधा बारीक आहे. तोंडाच्या बाजूला असतील तर वंगण कमी पडते आहे.

योग्य व्यास सापडूनही घोळका मोठाच राहिला, तर लाकडाकडे वळावे. ली-एनफिल्डचे पुढचे लाकूड मुख्य स्क्रूजवळ आक्रसलेले असेल, तर कोणत्याही गोळीने ती रायफल नीट चालत नाही. आणि तोंडाशी घेतलेली गुल्ली मागच्यापेक्षा स्पष्ट मोठी निघाली असेल, तर कारागिराकडून तोंडाचा झिजलेला भाग आतून रुंद करून घेता येतो, म्हणजे गोळी चांगल्या चरांवरूनच नळी सोडते. सोव्हिएत दुरुस्ती कारखान्यांत असंख्य मोसिन अशाच सुधारल्या गेल्या. नळीची लांबी आणि बाहेरचे रूप त्यात तसेच राहते, त्यामुळे सगळे क्रमांक जुळणाऱ्या रायफलीची नळी बदलण्यापेक्षा हे बरे. हे काम झाल्यावर तोंडाची गुल्ली नव्याने घ्यावी, आणि ती चरांच्या नव्या टोकापासून आत बसवावी.